खेडीकर मॅडमचं संशोधन

कांचनबाई खेडीकरांशी ज्याचं धड पटलं असा माणूस त्या संस्थेत सव्वीस वर्षांत निपजला नाही, आणि त्याचं कांचनबाईंना काडीचंही वाईट वाटत नव्हतं. भोपाळच्या त्या मोठ्या संस्थेत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या टेक्निशियन होत्या. एखाद्या विद्यार्थ्यानं काचेचं भांडं न धुता ठेवलं की त्या ते धुवायच्या नाहीत. ते तसंच चिकट भांडं त्याच्या टेबलावर, लॅपटॉपला खेटून नेऊन ठेवायच्या. एकदा बाहेरगावच्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी गंमत म्हणून वजनकाट्याचं पारडं बोटानं दाबून पाहिलं, तर त्यांना ऐकवलं, "सर, ये सब्ज़ी का तराज़ू नहीं है।" पाहुणे चहाही न घेता गेले.

त्यांचे आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून. राजधानी भोपाळला आली तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर तेही आले आणि टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांनी संसार मांडला. कांचनबाईंचा जन्म तिथलाच. शाळा हिंदी, शेजार हिंदी, भांडणं हिंदी. पण घरात मराठी, आणि आईच्या धाकानं रोज एक पान मराठी शुद्धलेखन. लग्नही भोपाळातच झालं. नवरा हेमंत मोठ्या कारखान्यात फिटर होता. इंद्रपुरीजवळच्या कामगार वस्तीत वीस वर्षं काढून, तो निवृत्त झाल्यावर दोघं बाग सेवनियातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आली.

प्रयोगशाळेत त्यांच्या दोन सवयी प्रसिद्ध होत्या. पहिली म्हणजे, प्रयोगाच्या आधी आणि नंतर प्रत्येक वस्तूचं वजन करायचं. कुणी सांगो न सांगो. दुसरी म्हणजे, प्रयोगाची वही मराठीत लिहायची. इंग्रजीत लिहिलं तर पोरं स्पेलिंगला हसायची, हिंदीत लिहिलं तर 'दही खट्टी' की 'खट्टा' असले घोळ व्हायचे. शेवटी वैतागून त्यांनी मराठी धरली. आकडे तर सगळ्यांना वाचता येतात, मग बाकीच्याशी कुणाला काय करायचंय, असं त्यांचं म्हणणं होतं. वहीत त्या माणसांबद्दल एक अक्षर लिहायच्या नाहीत. तारीख, वजन, तास, आकडे, आणि पुढे 'मोजमाप केले' किंवा 'सफाई केली' किंवा 'नोंद घेतली'. सव्वीस वर्षांच्या वह्यांत याच तीन क्रिया.

चार वर्षांपूर्वी विक्रांत दामले सर आले. पुण्याचे, मधे सहा वर्षं जर्मनीला राहिलेले, गोरेगोमटे आणि बोलायला लोण्यासारखे. पहिल्याच दिवशी वही उघडून म्हणाले, "अरे वा, मराठी! कांचनताई, आता मला इथं घरच्यासारखं वाटणार." तो गुरुवार होता आणि डब्यात बेसनाच्या पातोडीचा रस्सा होता. सरांनी तो बोटं चाटत खाल्ला, आणि पुढे दर गुरुवारी डबा कधी उघडतोय याची वाट पाहू लागले. कांचनबाई पाघळल्या. हे मी त्यांच्या बाजूचा असूनही सांगतो, की त्या स्तुतीला अगदी कच्च्या होत्या.

सरांचं काम पाण्यावर होतं. पाण्यातून वीज सोडली की पाणी फुटतं आणि हायड्रोजन वेगळा निघतो. पण नुसत्या विजेनं ते फार सावकाश आणि महाग पडतं, म्हणून मधे एक धातू लागतो, जो स्वतः न बदलता काम सोपं करतो. त्यात प्लॅटिनम सर्वांत उत्तम, पण त्याचा भाव काय सांगावा! निकेल आणि मॉलिब्डेनम हे स्वस्त धातू. त्यांचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण केले तर तेही बऱ्यापैकी काम करतात. पण टिकत नाहीत. एकमेकांना चिकटून गोळे होतात, विरघळतात, सुटून तळाशी बसतात. जगभर लोक या टिकण्यापाशीच अडले होते. दामले सरांनी त्या कणांवर कोळशाचा पातळ थर चढवला आणि जाहीर केलं की आपले कण टिकतात.

टिकतात म्हणजे काय, तर तीनशे तास सतत वीज चालू ठेवली तरी ते थकले नाहीत. उलट दोनशे तासांनंतर ते जास्तच चांगलं काम करू लागले. विद्यार्थ्यांनी केक कापला. कांचनबाईंनी केक खाल्ला, पण त्यांच्या कपाळाची आठी काही गेली नाही. वापरून वापरून वस्तू सुधारते हे त्यांनी आयुष्यात फक्त लोखंडी तव्याच्या बाबतीत पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सवयीनं सगळ्या वस्तूंचं वजन केलं. पाण्याच्या त्या भांड्यात दोन टोकं बुडवलेली असतात. एका टोकाला सरांचे कण, दुसऱ्या टोकाला प्लॅटिनमची तार. तार मौल्यवान, म्हणून ती कुलपात ठेवायची आणि वजन करूनच द्यायची-घ्यायची, असा नियम होता, आणि कुलपाची किल्ली कांचनबाईंच्या कमरेला. तार दोन मिलिग्रॅमनं कमी भरली. त्यांनी पुन्हा तोलली. पाचदा तोलली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. प्लॅटिनम चोरलं असं कुणी म्हटलं तर काय तोंड दाखवायचं?

मग त्या शांत बसल्या आणि विचार करू लागल्या. तार कुणी कापली नाही, मग गेली कुठे? भांड्यातून बाहेर जायला वाट नाही. म्हणजे ती विरघळली, आणि पाण्यातून पलीकडे जाऊन सरांच्या कणांवर बसली. दोनशे तासांनंतर जे काम सुधारलं ते सरांच्या कणांचं नव्हतंच. ते चोरून आलेल्या प्लॅटिनमचं होतं.

त्या धावतच सरांच्या खोलीत गेल्या. दामले सरांनी ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, "काटा तपासून घ्या, ताई."

"काटा बरोबर आहे सर. मी पाच वेळा बघितलं."

"मग सहाव्यांदा बघा." हसू तसंच होतं, पण आवाज बदलला होता. "तुमचं काम मोजायचं. अर्थ लावायचं काम माझं. आणि हे कुठं बोलू नका, लेख पाठवायचाय पुढच्या आठवड्यात."

असा अपमान कांचनबाईंनी कधी सासूकडूनही ऐकून घेतला नव्हता. त्या परत आल्या, तार कुलपात टाकली, आणि तिच्या जागी ग्रॅफाइटची कांडी लावली. शिसपेन्सिलीत असतं तेच ते ग्रॅफाइट. त्यातून चोरायला प्लॅटिनम नाही. सरांच्या त्याच खेपेतला दुसरा नमुना बुडवला आणि वीज सोडली. एक्क्याण्णव तासांत नमुना ढेपाळला.

त्या दिवशी वही समोर घेऊन त्या बराच वेळ बसल्या. 'मोजमाप केले' लिहायला हात धजेना. हे नुसतं मोजमाप नव्हतं. शंका त्यांची, युक्ती त्यांची, उत्तरही त्यांचंच. इतकी वर्षं ज्या शब्दाला त्यांनी देवाच्या ताटासारखं लांबून पाहिलं होतं, तो त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला वाढून घेतला. वहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'तार बदलली. ३०० तासांच्या आकड्यांचे मी स्वतः संशोधन केले.' लिहिताना त्यांचे कान गरम झाले होते. घरी जाऊन हेमंतलासुद्धा सांगितलं नाही, इतकी त्यांना लाज वाटली.

सरांनी ते एक्क्याण्णव तास ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लेख तीनशे तासांचाच छापून आला. सरांचं नाव झालं, आणि कांचनबाईंच्या डब्यातला गुरुवारचा वाटा बंद झाला. 'ताई'ची 'मॅडम' झाली. दोन वर्षं अशीच एकमेकांकडे पाठ करून गेली.

यंदाच्या फेब्रुवारीत बाहेरच्या देशातल्या एका प्रयोगशाळेनं कळवलं की तुमचे कण आम्ही तसेच्या तसे केले, ते शंभर तासही टिकत नाहीत; तुमचे आकडे आले कुठून? संस्थेत धावपळ झाली. चौकशी समिती बसली. अध्यक्ष म्हणून सक्सेना साहेब आले, निवृत्त प्राध्यापक, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा आणि प्रत्येक कागदाचा शेवट आधी वाचायची खोड. आणि दामले सरांनी न मागता, आपण होऊन, प्रयोगशाळेची ती मराठी वही समितीपुढे ठेवली.

कांचनबाईंना बोलावणं आलं तेव्हा त्या खरं सांगायचं तर खूश होत्या. इस्त्रीची साडी नेसून गेल्या. दोन वर्षांनी का होईना, कुणी तरी विचारतंय! टेबलाच्या एका बाजूला सक्सेना साहेब आणि आणखी दोघं, दुसऱ्या बाजूला दामले सर, आणि मधे ती वही उघडी.

"ये आपकी लिखावट है?"

"जी सर।"

"आकड्यांचे मी स्वतः संशोधन केले," सक्सेना साहेबांनी अडखळत वाचलं. देवनागरी होती, त्यामुळे अक्षरं लागत होती. "यानी इन आँकड़ों में संशोधन आपने ख़ुद किया?"

"हाँ सर, मैंने ही किया।"

"किसी के कहने पर?"

"किसी ने नहीं कहा। उल्टा सर ने बोला था आपका काम नहीं है। मैंने अपने मन से किया।"

सक्सेना साहेबांनी चष्मा काढला. "और इसमें आपको कुछ ग़लत नहीं लगा?"

"ग़लत क्यों लगेगा सर?" कांचनबाई ताठ बसून म्हणाल्या. "छब्बीस साल में पहली बार किया। अच्छे से किया।"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतका निर्लज्ज माणूस त्यांनी बहुधा पाहिला नसावा. दामले सर मात्र पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. आपण त्या वेळी बाईंना गप्प केलं याची त्यांना शरम वाटतेय, असं कांचनबाईंना वाटलं, आणि त्यांच्याबद्दल थोडी दयाही आली. समितीनं वही ठेवून घेतली आणि बाईंना जायला सांगितलं.

घरी जाताना त्या टी. टी. नगरला उतरल्या. हेमंतला आवडते म्हणून गरम कचोरी बांधून घेतली. दुकानासमोरच्या सरकारी भिंतीवर मोठा कापडी फलक लावला होता. मतदाता सूची में नाम जोड़ने, हटाने एवं संशोधन हेतु यहाँ संपर्क करें. कांचनबाईंनी ते वाचलं आणि दोन पावलं पुढे गेल्या. मग मागे आल्या आणि पुन्हा वाचलं.

संशोधन. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. फेरफार. लिहिलेलं बदलणं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पगारपत्रकावर, वेळापत्रकावर, नोटिशीवर हा शब्द त्या पन्नास वर्षं वाचत आल्या होत्या. पण घरातलं संशोधन आणि रस्त्यावरचं संशोधन त्यांच्या डोक्यात कधी समोरासमोर आलेच नव्हते. समितीनं विचारलं होतं, आकडे तुम्ही बदलले का? आणि त्यांनी सांगितलं होतं, हो, मीच बदलले, मनानं बदलले, चांगले बदलले.

दुकानाच्या पायरीवर त्या मटकन बसल्या. बसल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. त्या खोलीत एक माणूस असा होता, ज्याला दोन्ही शब्द येत होते. तो मूग गिळून झाकण फिरवत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दार न ठोठावता दामले सरांच्या खोलीत शिरल्या.

"सर, तुम्हाला कळत होतं मी काय बोलतेय ते."

"मॅडम, प्रश्न तुम्हाला विचारला होता, मला नाही."

"तुम्ही एक शब्द बोलला असता तर—"

"बसा." त्यांनी दार लावून घेतलं. "बसा, ताई. हे बघा, भाषेचा घोटाळा झालाय हे मी सक्सेनांना आजच सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त तुम्ही एवढं लिहून द्या, की ती तार झिजल्याचं तुम्ही मला लेख छापून झाल्यावर सांगितलंत. म्हणजे मीही सुटलो, तुम्हीही सुटलात."

"मी आधी सांगितलं होतं."

"पुरावा आहे? वहीत लिहिलंय?"

वहीत माणसांबद्दल लिहायचं नाही हा त्यांचा स्वतःचाच नियम.

"निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमच्या," दामले सर मऊपणे म्हणाले. "आकड्यांत फेरफार केल्याचा डाग घेऊन घरी जायचंय का? नाव फार जपता तुम्ही."

"जपते ना. म्हणूनच तुमच्या कागदावर घालणार नाही." कांचनबाई उठल्या. "आणि मला ताई म्हणू नका. भाऊ असला प्रकार आमच्याकडे नाही."

घरी हेमंतनं सगळं ऐकलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला. तो शांत माणूस. कारखान्यात तीस वर्षं घणाचे आवाज ऐकून त्याला घरात भांडण नको वाटायचं.

"दे ना लिहून, कांचन. क्या जाता है? त्याचं पण निभेल, तुझं पण."

"अहो, म्हणजे मी खोटं लिहू?"

"इतकं टेन्शन घ्यायचं नाही ग. सगळे कागद एक दिवस रद्दीतच जातात."

"तुमच्या मशीनला कुणी दुसऱ्यानं वाकडी केलेली पट्टी लावली आणि तुमच्या नावावर टाकली असती तर? गेली असती रद्दीत?"

हेमंतनं टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. त्या जेवल्याही नाहीत. त्यांना राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती, हे त्यांनी त्यालाही सांगितलं आणि स्वतःलाही. मुलगी पुण्याला, जावई पुण्याचा. तिथपर्यंत बातमी गेली की आईनं आकडे बदलले, तर तिला कोण समजावणार की हा शब्दाचा घोळ आहे?

समितीची पुढची बैठक आठ दिवसांनी होती. तोवर प्रयोगशाळेत कुणी त्यांच्याशी बोलेना. विद्यार्थी भांडी आपण होऊन धुऊ लागले, तेही चकचकीत, आणि हीच त्यांना सगळ्यांत मोठी शिवी वाटली. वही जप्त, त्यामुळे लिहायलाही काही नाही. रिकाम्या हातांनी बसणं त्यांना जमणारं नव्हतं. रागारागानं त्यांनी दामले सरांचाच नमुना नव्यानं करायला घेतला. पूर्वी भट्टी भराभर तापवत, मिनिटाला पाच अंश. कांचनबाईंनी ती मिनिटाला एक अंशानं तापवली. मोठ्या आचेवर दूध उतू जातं, साय धरत नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मग तो नमुना ग्रॅफाइटच्या कांडीसमोर बुडवला, वीज चालू केली आणि त्याकडे पाठ करून बसल्या.

बैठकीच्या दिवशी सकाळी हेमंतनं माळ्यावरून मुलीचा शाळेतला मराठी शब्दकोश काढून दिला. एवढ्या दिवसांत त्यानं केलेली ही एकच मदत. कांचनबाईंनी बैठकीत तो उघडून पुढे केला. "सर, मराठी में संशोधन मतलब रिसर्च। शोध। मैंने आँकड़े बदले नहीं, जाँचे थे।"

सक्सेना साहेबांनी चष्मा लावून, सवयीप्रमाणे, शेवटाकडून वाचायला सुरुवात केली. "संशोधन... शोध, तपास..." आणि मग वर सरकले. "शुद्ध करणे, चुका काढणे। ये तो सुधार ही हुआ ना, मैडम?"

कांचनबाईंनी शब्दकोश ओढून घेतला. खरंच लिहिलं होतं. हेमंतनं केलेली एकुलती एक मदत नेमकी त्यांच्यावरच उलटली.

"और आपने पिछली बार स्वयं स्वीकार किया है," दुसरा सभासद म्हणाला.

"इसमें झगड़ा क्या है," सक्सेना साहेब दामल्यांकडे वळले. "डॉक्टर साहब ख़ुद मराठीभाषी हैं। आप बताइए, इस शब्द का अर्थ क्या है?"

ज्याची चौकशी चाललीय त्यालाच दुभाष्या करायची ही अक्कल सक्सेना साहेबांनाच सुचू जाणे. दामले सरांनी घसा साफ केला. कांचनबाई त्यांच्याकडे बघत होत्या. दोन वर्षं जिच्या हातचं खाल्लं त्या बाईची अब्रू त्यांच्या जिभेवर होती, आणि ती वाचवायला त्यांना एकच शब्द पुरला असता.

"सर, सच कहूँ तो," दामले सर सावकाश म्हणाले, "दोनों अर्थ हो सकते हैं। निश्चित कहना मुश्किल है।"

कांचनबाईंनी निरुपयोगी शब्दकोश मिटून टाकला. पण तोंड शाबूत होतं, आणि ते तोंड सव्वीस वर्षं सगळ्या संस्थेला माहीत होतं.

"सक्सेना सर, एक छोटी सी विनती है। दामले सर के कमरे में, कुर्सी के पीछे, एक फ्रेम लटकी है। मँगवा लीजिए।"

"कौन सी फ्रेम?"

"मानपत्र। पिछले साल गणपति में हमारे मराठी लोगों ने दिया था। शाल, नारियल, सब दिया। मैं पहली लाइन में बैठी थी।"

दामले सर अर्धवट उठले. "सर, इसका यहाँ क्या संबंध—"

पण सक्सेना साहेबांना गंमत वाटू लागली होती. शिपाई फ्रेम घेऊन आला, बाहीनं धूळ पुसून टेबलावर ठेवली. सक्सेना साहेब वाचू लागले. "भोपाळ नगरीचे भूषण... थोर... संशोधक... डॉ. विक्रांत दामले।"

"थोर मतलब महान," कांचनबाई म्हणाल्या. मग त्या दामल्यांकडे वळल्या आणि मराठीत बोलल्या. "आता सांगा सर, दोन्ही अर्थ होतात ना? मग आम्ही तुम्हाला शाल कसली दिली? आकड्यांत फेरफार करणारा थोर माणूस म्हणून? सांगा ना साहेबांना. का इथंही निश्चित सांगणं कठीण आहे?"

मराठी न येणाऱ्या तिघांनाही ते सगळं समजलं. दुसरा सभासद खोकला काढून हसू लपवू लागला. दामले सरांचा चेहरा विटेसारखा लाल झाला आणि त्यांनी मान खाली घातली. "रिसर्च," ते पुटपुटले. "मराठी में इसका अर्थ रिसर्च ही है।"

कांचनबाई बाहेर आल्या आणि जिन्याच्या कठड्याला धरून रडल्या. जिंकल्याचं रडणं नव्हतं ते. एवढी साधी गोष्ट वदवून घ्यायला माणसाला इतकं खाली ओढावं लागतं, याची त्यांना किळस आली होती.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. त्याची एक प्रत त्यांनाही मिळाली. हिंदीत होता, तीन पानं. लेख मागे घ्यावा. डॉ. दामले यांनी पुढे अधिक दक्षता बाळगावी. आणि श्रीमती खेडीकर यांच्याविषयी दोन ओळी. त्यांच्या वहीतल्या शब्दाचा अर्थ 'शोध' असा असल्याचं निष्पन्न झालं आहे, त्यामुळे आकडे बदलल्याचा आरोप सिद्ध होत नाही. तथापि तांत्रिक कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या मनानं शोधकार्य करणं त्यांच्या कर्तव्यकक्षेत बसत नाही. श्रीमती खेडीकर यांना यापुढे असं न करण्याची सक्त ताकीद देण्यात येते.

त्यांनी ते तीनदा वाचलं. फेरफाराच्या आरोपातून त्या सुटल्या होत्या, आणि संशोधन केल्याबद्दल दोषी ठरल्या होत्या.

दुपारी दामले सरांचा फोन आला. आवाजात मऊपणाचा मागमूस नव्हता. "ताकीद वाचली असेल. तुमचा जो काही नमुना तिथं परवानगीशिवाय चाललाय, तो ताबडतोब बंद करा."

"तुम्ही या आणि तुमच्या हातानं बंद करा," कांचनबाई म्हणाल्या. "माझ्या कर्तव्यकक्षेत बसत नाही."

ते तरातरा आले. बटणाकडे हात नेला आणि त्यांचं लक्ष पडद्यावर गेलं. हात तिथंच थांबला. पडद्यावरची रेघ सरळ होती, फूटपट्टीनं आखावी इतकी. खाली तास दाखवले होते, चारशे आठ. त्यांनी भांड्यात वाकून पाहिलं. प्लॅटिनमची तार नव्हती. ग्रॅफाइटची कांडी होती.

दामले सरांनी स्टूल ओढलं आणि बसले. रेघ मागे नेऊन नेऊन अगदी पहिल्या तासापासून पाहिली. कुठे चढ नाही, कुठे फट नाही. दोन वर्षं ज्याच्यासाठी त्यांनी खोटं पचवलं, ते खरं होऊन समोर बुडबुडे सोडत होतं. बटण दाबायचं ते विसरले.

"ताई," ते म्हणाले, आणि या वेळी त्या शब्दात खरोखरच काकुळत होती. "हे माझेच कण आहेत? काय बदललंत तुम्ही? थर? भट्टी? कुठं लिहून ठेवलंय का?"

वही समितीच्या कपाटात होती. भट्टीचा तो वेग जगात एकाच डोक्यात होता. कांचनबाईंना त्या क्षणी आनंद झाला, उघडा, दुष्ट आनंद, आणि तो त्यांनी लपवला नाही. पाच वाजले होते. त्यांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली, पर्स खांद्याला लावली.

"मला काय विचारता, सर?" त्या म्हणाल्या. "मला तर संशोधन करायची मनाई आहे."

आणि त्या जिन्यानं खाली उतरल्या.